चाकोरी पडते कुठून?

पुण्यात रस्त्याचा विषय निघाला की कोणीतरी जंगली महाराज रस्त्याचं नाव काढतंच. १९७६ सालचा, दहा वर्षांची हमी असलेला आणि हमी संपल्यावरही वर्षानुवर्षं टिकलेला. कौतुक रास्त आहे. पण तिथून कंटेनर जात नाहीत. ती मोजपट्टी चाकण-शिक्रापूरसारख्या अवजड वाहतुकीच्या रस्त्याला लावून उपयोग नाही.

अवजड वाहतुकीचं गणित निघालं ते अमेरिकेत. इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ खास चाचणीसाठी रस्ते बांधून १९५८ ते १९६० या काळात लष्कराच्या जवानांनी त्यांवर सतत ट्रक फिरवले. त्यातून ढोबळ नियम मिळाला: एक्सलवरचा (दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसावरचा) भार दुप्पट झाला की नुकसान सोळापट. आपली मोटार या हिशेबात जवळपास शून्य.

आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेस या रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या १९७० च्या पहिल्या मार्गदर्शिकेत रोजची व्यावसायिक वाहनं मोजून रस्त्याची जाडी ठरे. १९८४ पासून ८.१६ टन भाराचा एक्सल प्रमाण मानून त्याच्या फेऱ्या मोजू लागले. पुढे २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या एकेरी एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. भार वाढला जेमतेम तेरा टक्के, पण एका भरल्या फेरीमागचं नुकसान साठ टक्क्यांनी वाढलं. ओव्हरलोड डंपर वेगळाच.

म्हणून रस्ता लवकर का गेला हे वरून बघून कळत नाही. चाकोरीला, म्हणजे चाकांच्या वाटेवर दबून पडलेल्या लांबट खोलगटाला, आडवा छेद घ्यावा लागतो. खालचे थर सरळ आणि फक्त वरचं डांबर दबून कडेला फुगलेलं असेल, तर दोष मिश्रणाचा: डांबर जास्त, मऊ, किंवा रोलिंग अपुरं. खडीचा थरही सोबत खचला असेल, तर खालच्या काळ्या मातीकडे बघायचं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मगरीच्या पाठीसारख्या भेगा दिसल्या, की त्या बहुतेकदा डांबराच्या तळातून वर आलेल्या असतात. वरून कारपेट, म्हणजे डांबराचा नवा पातळ थर, टाकलं तरी पुन्हा उमटतात.

चौकाजवळ चाकोरी खोल का, याचं उत्तरही यातच आहे. सिग्नलला ट्रक रेंगाळतात, तापलेल्या डांबरावर भार जास्त वेळ राहतो. त्यात साइडपट्टी उंच आणि गटार बुजलेलं असेल, तर पाणी चाकोरीतच साचतं, आणि प्रत्येक चाक ते भेगेतून खाली दाबत जातं.