भूल उतरते तेव्हा नेमके काय परत येते?

शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूलतज्ज्ञ शिरेतून प्रोपोफोल देतात आणि मिनिटभरात रुग्णाचे जग नाहीसे होते. झोपेतून उठल्यावर किती वेळ गेला याचा थोडाफार अंदाज असतो; भुलीतून उठलेल्याला मात्र मधले दोन तास जणू उगवलेच नव्हते असे वाटते. जाणीव निव्वळ भौतिक आहे का, हे तपासायला याहून चांगली जागा मला सुचत नाही, कारण इथे ती मिलिग्रॅमच्या हिशेबाने घालवता येते आणि औषधाचा अंमल ओसरला की परतही येते.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. त्यानंतर या द्रव्यांचे रसायन बरेचसे उलगडले आहे. प्रोपोफोल चेतापेशींवरील गाबा-ए ग्राहींचा (रासायनिक संदेश टिपणाऱ्या प्रथिनांचा) शांतवणारा परिणाम वाढवते, तर केटामिन हे दुसरे भूलद्रव्य पेशींना चेतवणारे एनएमडीए ग्राही अडवते. सहसा कशाशीही संयोग न पावणारा झेनॉन वायूसुद्धा माणसाला बेशुद्ध करतो.

पेशी शांत झाल्या म्हणजे जाणीव गेली, इतके हे सरळ नाही. मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या अनुमस्तिष्कात, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूत, असतात, तरीही जन्मतः अनुमस्तिष्क नसलेली माणसे जाणिवेने जगतात. तेव्हा संख्येपेक्षा जोडणीला महत्त्व असावे. इटलीतील मेंदूशास्त्रज्ञ मार्चेल्लो मासिमिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूत उठणारे विद्युत तरंग नोंदवले आणि त्यांची गुंतागुंत मोजणारा निर्देशांक २०१३ मध्ये मांडला. जागेपणी हे तरंग दूरदूरच्या भागांत निरनिराळ्या रूपांत पसरतात. गाढ झोपेत आणि प्रोपोफोलच्या भुलीत ते जागच्या जागी विरतात किंवा एकसुरी होतात. केटामिन दिलेला माणूस हाकेला ओ देत नाही, पण त्याचा निर्देशांक चढाच राहतो, आणि भानावर आल्यावर तो विलक्षण स्वप्ने पाहिल्याचे सांगतो. म्हणजे हे यंत्र बाहेरच्या प्रतिसादापेक्षा आतल्या अनुभवाच्या अधिक जवळ पोहोचते, आणि जाणिवेला शरीराबाहेरचा आधार लागतो असे मानणाऱ्यांना याचे उत्तर द्यावे लागेल.

तरीही ‘अमुक घडले की जाणीव असते’ हे एक विधान झाले आणि ‘अमुक घडल्यामुळे जाणीव का असावी’ हा वेगळा प्रश्न. तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी १९९५ मध्ये याला ‘कठीण समस्या’ म्हटले: मेंदूतील प्रत्येक घडामोड समजली, तरी ती घडताना आत काहीतरी जाणवते कशासाठी?

जडवादाची, म्हणजे जाणीवही जड द्रव्यातूनच उपजते या मताची, आपल्याकडची बाजू फार जुनी आहे. निरनिराळ्या दर्शनांचा आढावा घेणाऱ्या चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त जडवादी चार्वाकांचा दाखला येतो: किण्व (आंबवण्याचे द्रव्य) वगैरे द्रव्यांतून जशी मदशक्ती, म्हणजे नशा आणण्याची शक्ती, उपजते, तसे पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार भूतांच्या मेळातून चैतन्य. (पाठ्यपुस्तकांतले ‘किण्वन’ याच शब्दाचे.) त्यातला पूर्वार्ध विज्ञानाने पुरा सिद्ध केला, यीस्ट साखरेचे इथेनॉल करते आणि ते इथेनॉल गाबा-ए ग्राहींवरही काम करते, जिथे प्रोपोफोल करते. पाय लटपटणे, जीभ जड होणे, सारे त्यातून समजावता येते. चढलेली झिंग पिणाऱ्याला आतून जशी जाणवते, ती तेवढी उरते. चार्वाकांनी जाणीव समजावण्यासाठी जो मद उदाहरणाला घेतला, तो स्वतःच जाणिवेची एक अवस्था आहे.