किनवा की राजगिरा? राईस कुकर लावण्याआधी

धाकट्या दिरांनी पुण्याहून किनव्याची पिशवी आणली, तेव्हा सासूबाईंनी चिमूटभर दाणे तळहातावर घेतले आणि म्हणाल्या, "अवं, हा तं राजगिराच हाय!" यवतमाळकडच्या आमच्या गावात किनवा कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे मलाही तसंच वाटलं. पुढच्या आठवड्यात मी डब्यातला राजगिरा किनवा समजून राईस कुकरमध्ये लावला. झाकणाच्या भोकातून चिकट फेस ओट्यावर आला आणि भांड्याच्या तळाला करपलेला थर बसला. तेव्हापासून या दोघांतला फरक मी नीट समजून घेतला.

दिसायला ते सारखे आहेत, कारण नात्यातलेच आहेत. दोन्ही एकाच कुळातल्या झाडांच्या बिया. राजगिरा माठाचा भाऊबंद, तर किनवा चाकवताचा. दोघांचंही मूळ अमेरिका खंडात, पण किनवा पेरू-बोलिव्हियाच्या अँडीज डोंगरांतला. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे त्याचं वर्ष म्हणून पाळलं आणि मग तो शहरांतल्या दुकानांत जास्तच दिसू लागला. राजगिरा मात्र आपल्याकडे कधीचाच मुरला आहे, उपवासाच्या लाडवापर्यंत.

ओळखायचं कसं? दोन्ही शेजारी ठेवा. राजगिऱ्याचा दाणा जेमतेम १ मिलिमीटरचा, किनव्याचा साधारण दुप्पट. तरी शंका राहिली तर वाटीत पाणी घालून चोळा. किनव्याच्या सालीवर सॅपोनिन असतं. रिठ्याला फेस येतो तो यानेच, आणि कडवटपणाही याचाच. म्हणून किनवा तीन-चार पाण्यांनी, फेस थांबेपर्यंत धुवायचा. पिशवीवर 'धुतलेला' लिहिलं असलं तरी एकदा धुवाच. राजगिऱ्याला असा साबणासारखा फेस येत नाही. तो धुताना मात्र मलमलचा कपडा लागतो, नाहीतर अर्धा दाणा चाळणीतून निसटतो.

आता कुकर. आपल्याकडे कुकर म्हटलं की शिट्ट्या, पण राईस कुकरला शिट्टी नसते, दाबही नसतो. त्याला फक्त एवढंच कळतं की पाणी आटलं का. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तळ १०० अंशांच्या आसपास राहतो. पाणी संपलं की तळ त्याहून तापतो, खाली खटका धरून ठेवणाऱ्या चुंबकाची पकड सुटते आणि खटका वर उडतो. किनवा या हिशोबात चपखल बसतो. दाणा पाणी पितो, फुगतो, सुटा राहतो. एका वाटीला दोन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ. किनवा आणि पाणी एकाच वाटीने मोजा. भांड्यावरच्या रेषा तांदळासाठी आहेत. खटका उडाल्यावर दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. मग दाणा पारदर्शक झालेला दिसतो आणि त्याच्या कडेचा पांढरा कोंब शेपटीसारखा सुटलेला असतो. ती शेपटी दिसली की शिजला. मध्येच वीज गेली तरी झाकण काढू नका. साध्या खटक्याच्या कुकरमध्ये वीज आली की शिजणं आपोआप पुढे चालू होतं.

राजगिऱ्याचं वेगळं. त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो आणि खिरीसारखा दाट होतो. वर फेस धरतो आणि तळाशी घट्ट बसतो, म्हणून वरचं ओलं असतानाच तळ तापतो आणि खटका उडतो. तो पातेल्यातच करावा: एका वाटीला तीन वाट्या पाणी, मंद आंच, वीस-पंचवीस मिनिटं, आणि आंबीलीसारखं ढवळत राहणं. लाह्या करायच्या तर मात्र राजगिराच. तापल्या कढईत चमचाभर टाकून फडक्याच्या बोळ्याने फिरवला की पांढराशुभ्र फुलतो. किनवा नुसता तडतडतो.

उपवासाला किनवा चालतो का, हे घरच्या मोठ्यांना विचारा. आमच्याकडे चालत नाही. आम्ही तो हिवाळ्यात, तुरीचे सोले (ओले दाणे) निघाले की करतो. तेलात मोहरी, लसूण, हिरवी मिरची, सोले परतायचे आणि कुकरमधला सुटा किनवा त्यात घालून वरून सांबार (कोथिंबीर) पेरायचा. सासूबाई आता त्याला राजगिरा म्हणत नाहीत, 'तो शेपटीवाला' म्हणतात.