ट्रायटेल्युराइडांची स्फटिकरचना: लांब अक्षाचा घोळ आणि ‘सरासरी’ साचा

टेल्युरियम अठराव्या शतकाअखेर सापडले. दुर्मिळ मृदाधातूंशी त्याचे एकास तीन प्रमाणातले संयुग, म्हणजे ट्रायटेल्युराइड, आतून कसे असते, हे कळायला मात्र १९६६ उजाडले. त्या वर्षी निओडिमियम ट्रायटेल्युराइडची रचना सुटली. लँथनमपासून थुलियमपर्यंतचे बहुतेक भाऊबंद त्याच साच्यातले निघाले; युरोपियम वगळले गेले.

धातू आणि टेल्युरियमचा नागमोडी जाड थर, त्यावर टेल्युरियमच्या चौकोनी जाळीचे दोन सपाट पत्रे, मग पुन्हा जाड थर. दोन पत्र्यांमधली पकड कमकुवत असल्याने स्फटिक खापरावरच्या मांड्यासारखा पदरापदराने सुटतो. जाड थराचा हिशेब चुकता झाल्यावर उरलेला एक इलेक्ट्रॉन दोन पत्र्यांत वाटला जातो. पुढची सगळी गंमत त्याच इलेक्ट्रॉनांची आहे.

आता अक्षांचा, म्हणजे स्फटिकातल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या पेटीच्या (युनिट सेलच्या) तीन बाजूंच्या दिशांचा घोळ. थरांच्या पदार्थांत लांब अक्षाला ‘सी’ म्हणायची सवय आहे. इथे ‘सीएमसीएम’ या स्पेस ग्रुपच्या (सममितीच्या वर्गाच्या) प्रचलित मांडणीत सुमारे २५ अँगस्ट्रॉमचा (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) लांब अक्ष ‘बी’ ठरतो. ‘ए’ आणि ‘सी’ हे दोघे पत्र्याच्या प्रतलात येतात, प्रत्येकी सुमारे ४.३ अँगस्ट्रॉम. दोघांतला फरक इतका सूक्ष्म की स्फटिक चौकोनी पायाचाच समजला जावा. पण थर रचताना होणारी अर्धी सरक दोन्ही दिशांना सारखी नसते, म्हणून तो ऑर्थोऱ्हॉम्बिकच, म्हणजे तिन्ही बाजू वेगळ्या पण कोन काटकोनी. क्ष-किरणांच्या विवर्तनचित्रात ०-६-१ (अंक अनुक्रमे ए, बी, सी अक्षांचे) हा ठिपका दिसतो, १-६-० दिसत नाही. अदलाबदल टाळण्याचा हा खात्रीचा मार्ग. ही तपासणी माझ्या मते कुणीही गाळू नये, कारण १९९५ मध्ये इलेक्ट्रॉन विवर्तनातून जी चार्ज डेन्सिटी वेव्ह (इलेक्ट्रॉनांच्या घनतेतला ठरावीक अंतराने येणारा चढउतार, सोबत जाळीचे विरूपण) दिसली, ती पहिल्यांदा ‘सी’च्याच दिशेने उभी राहते. टर्बियमच्या पुढच्या जड धातूंत आणखी खालच्या तापमानाला दुसरी लाट येते, ती ‘ए’च्या दिशेने. अक्ष उलटे धरले तर दोन्ही लाटांचे मोजमाप एकमेकांच्या नावावर जाते.

पहिल्या लाटेची लांबी ‘सी’च्या साडेतीन पटींजवळ असते, पण नेमकी कुठल्याच पटीत बसत नाही. त्यामुळे डेटाबेसमधली सुबक युनिट सेल ही सरासरी रचना असते. विरूपित जाळीतले टेल्युरियमचे कमी-जास्त अंतर २००६ च्या सुमारास चौथी मिती धरून (न बसणाऱ्या लाटेसाठी गणितात घेतलेली जादा दिशा) सोडवले गेले. जळगाव-धुळ्यात एमएस्सीचे विद्यार्थी फाइल उतरवून थेट गणित लावतात, तेव्हा ते लाट नसलेल्या पदार्थाचे गणित करत असतात.

‘खोलीचे तापमान’ हा शब्दही इथे जपून वापरावा लागतो. टर्बियमच्या संयुगात पहिली लाट सुमारे ३३६ केल्विनला विरते, थुलियमच्या संयुगात २४४ ला. डिस्प्रोसियममध्ये हा आकडा ३०६ च्या आसपास, म्हणजे ३३ अंश सेल्सिअस. खान्देशात मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेतला डिस्प्रोसियमचा स्फटिक लाटेविना असतो, डिसेंबरात तोच लाटेसह.

लाट का उठते, याचे उत्तर प्रथम फर्मी पृष्ठभागाच्या (भरलेल्या आणि रिकाम्या इलेक्ट्रॉन-अवस्थांमधल्या सीमेच्या) भागांच्या आपसातल्या जुळणीत शोधले गेले. २००८ पासून इलेक्ट्रॉन आणि जाळीकंपनांच्या जोडणीकडे पारडे झुकू लागले, आणि मला तेच पटते. २०२० मध्ये गॅडोलिनियमच्या संयुगात चुंबकीय क्रम आणि इलेक्ट्रॉनांची मोठी गतिशीलता एकत्र आढळली. २०२२ मध्ये लँथनम आणि गॅडोलिनियमच्या संयुगांत लाटेच्या आंदोलनाचा एक अक्षीय (फिरकीसारखी दिशा असलेला) प्रकार नोंदला गेला. त्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रकाशाचे ध्रुवीकरण ‘ए’ आणि ‘सी’च्या संदर्भात कसे फिरते, यावरच उभा आहे.