पुण्याच्या रस्त्यावरून सायकल कडेला कशी गेली
पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे, तेव्हा इथे एकही सायकल ट्रॅक नव्हता. गरजच नव्हती. खडकीला कारखान्याची पाळी सुटली की अख्खा रस्ता सायकलींनी भरून जायचा. सायकलीवर पालिकेचा कर होता, तो भरल्याचा पत्र्याचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली, की पोलीस अडवत. जाच होताच, पण त्यातून एक मान्य केलेलं होतं: सायकल हे वाहन आहे आणि रस्ता तिचाही आहे.

१९७२ साली पुण्याच्याच कायनेटिकची लूना ही मोपेड आली. बजाजच्या स्कूटरी आकुर्डीत बनू लागल्या. शहर पसरलं, अंतरं वाढली. माझ्या मते मात्र खरा घाव घातला तो एकेरी वाहतुकीने. फर्ग्युसन आणि जंगली महाराज रस्ते एकेरी झाले. वळसा पडला तर स्कूटरवाला फक्त मूठ पिळतो. सायकलवाल्याला तो सगळा पायांनी फेडावा लागतो. शिवाय समोरून कोणी येत नाही म्हटल्यावर गाड्या सुसाट.

२००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व दिलं. त्याच वर्षी डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली, सोबत सायकल ट्रॅकही आले. जागा मिळाली ती पदपथाला चिकटून. सातारा रस्त्यावर मी त्यावरून सायकल चालवली आहे. पेव्हर ब्लॉक खडखडत असतात, मध्येच विजेचा डीपी येतो, पुढे टपरी. चौक आला की ट्रॅक संपतो आणि पुढचं चाक दणकन खाली आपटतं. जिथे अपघाताची भीती सगळ्यात जास्त, नेमकं तिथेच सायकलवाल्याला वाऱ्यावर सोडलेलं. दुचाकी आत घुसतात म्हणून खांब रोवले, तर त्यांतून हँडल काढताना उतरावं लागे. शेवटी मुकाट्याने मुख्य रस्ताच धरायचा.

डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ८२४ किलोमीटरचं जाळं सुचवलेलं आहे. त्याच सुमारास विद्यापीठात आणि औंधला ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली आल्या. त्यांवर कॉलेजच्या मुली दिसायच्या, कामावर जाणारी माणसं दिसायची, तेव्हा फार बरं वाटायचं. दोनेक वर्षांत त्या सायकली गेल्या. त्या होत्या तेव्हाही बहुतेकांना बसच्या शेजारून, डाव्या कडेच्या हातभर पट्टीतूनच जावं लागत होतं.