फेडिव्हर्स (विकेंद्रित समाजमाध्यम)

फेडिव्हर्स : एका कंपनीच्या मालकीचे नसलेले, पण समान नियमांनी एकमेकांशी बोलणाऱ्या हजारो स्वतंत्र सर्व्हरांचे (मजकूर साठवून तो इतरांना पुरवणाऱ्या संगणकांचे) मिळून बनलेले समाजमाध्यम. ‘फेडरेशन’ आणि ‘युनिव्हर्स’ हे शब्द सांधून हे नाव तयार झाले. मॅस्टोडॉन (छोटे लेखन), पिक्सेलफेड (छायाचित्रे), पीअरट्यूब (चित्रफिती) आणि लेमी (चर्चा) ही त्यातली ठळक सॉफ्टवेअरे. ‘विकेंद्रित’ म्हटले की याला कुणी मालकच नाही, असा समज होतो. तो चुकीचा आहे. मालक आहेत, आणि पुष्कळ आहेत. प्रत्येकाची सत्ता मात्र आपल्या यंत्रापुरती.

धुळे जिल्ह्यातल्या वाचकाला ही रचना फड पद्धतीवरून पटकन उमगेल. पांझरेच्या खोऱ्यात काही शतके चालत आलेल्या या सिंचनपद्धतीत नदीवर ठिकठिकाणी बंधारे असत. प्रत्येक बंधाऱ्याखालची जमीन ठरलेली असे आणि तिचा कारभार तिथलेच शेतकरी पंच नेमून पाहत. कोणत्या फडात, म्हणजे जमिनीच्या कोणत्या भागात, कोणते पीक घ्यायचे हे सगळ्यांनी मिळून ठरे. पाटकरी शेतोशेती पाणी फिरवी, जागल्या राखण करी. नदी एक, कारभार बंधाऱ्यागणिक वेगळा. फेडिव्हर्समध्ये बंधाऱ्याच्या जागी सर्व्हर आहे. उपमा एका ठिकाणी मात्र लंगडी पडते. वरच्या बंधाऱ्याने पाणी अडवले की खालचा कोरडा राहतो. इथे वर-खाली असे काही नाही, कोणताही सर्व्हर दुसऱ्या कोणत्याही सर्व्हरशी थेट बोलू शकतो.

कार्यपद्धती : वापरकर्त्याचा पत्ता ईमेलसारखा दोन भागांचा असतो, आधी नाव, मग सर्व्हरचे नाव. समजा, अमळनेरच्या एका शिक्षिकेचे खाते ‘क’ सर्व्हरवर आहे आणि शहाद्याला राहणाऱ्या तिच्या भावाचे ‘ख’ सर्व्हरवर. भावाने बहिणीला ‘फॉलो’ केले की ‘ख’ सर्व्हर ‘क’ला तशी विनंती पाठवतो आणि ‘क’ ती नोंदवून ठेवतो. पुढे बहिणीने काही लिहिले की ‘क’ त्याची प्रत ‘ख’च्या आवकपेटीत टाकतो. निरोप खरोखर ‘क’कडूनच आला आहे हे डिजिटल स्वाक्षरीवरून तपासले जाते. म्हणजे एकच मजकूर जितक्या सर्व्हरांवर वाचक आहेत तितक्या ठिकाणी साठतो. याचे दोन परिणाम नवख्याला चक्रावतात. एकाच नोंदीखालच्या पसंतीचा आकडा दोन सर्व्हरांवर वेगवेगळा दिसू शकतो. आणि लिहिलेले पुसले तरी ‘पुसा’ असा निरोपच फक्त बाहेर जातो. समोरच्या सर्व्हरने तो पाळला नाही, तर प्रत तिथे राहते.

हा व्यवहार ज्या नियमांनी चालतो त्यांना ॲक्टिव्हिटीपब म्हणतात. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्यांना अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. कल्पना मात्र जुनी आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये मांडलेले यूजनेट असेच संगणकाकडून संगणकाकडे मजकूर पोचवीत असे. २००८ मध्ये इव्हान प्रोद्रोमू यांनी आयडेंटिका हे ट्विटरसारखे छोट्या लेखनाचे संकेतस्थळ सुरू केले. २०१० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांनी लोकवर्गणीवर डायस्पोरा हे विकेंद्रित समाजमाध्यम उभारायला घेतले. २०१६ मध्ये जर्मनीच्या ऑयगेन रोख्को यांचे मॅस्टोडॉन आले. भारतात त्याचे नाव गाजले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केल्यावर रागावलेले अनेक भारतीय तिकडे गेले. राग ओसरला तसे बहुतेक परतलेही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलल्यावर जगभरातून त्याहून मोठी लाट आली.

चालवते कोण : सॉफ्टवेअर खुले आणि फुकट असल्यामुळे सर्व्हर कुणीही मांडू शकतो. एकटादुकटा हौशी तंत्रज्ञ, मित्रमंडळ, विद्यापीठ, सरकारी खाते, कंपनी असे सगळे प्रकार आहेत. जर्मनीच्या संघराज्य सरकारची कार्यालये आपल्याच सर्व्हरवरून लिहितात. सहकारात मुरलेल्या आपल्या वाचकाला ‘सोशल डॉट कोऑप’चे उदाहरण जवळचे वाटेल. २०१७ पासून चालणारा हा सर्व्हर सभासदांच्या मालकीचा आहे. सभासद वर्गणी भरतात आणि निर्णयांवर मतदान करतात. दूध सोसायटीची वार्षिक सभा ज्याने पाहिली आहे, त्याला तिथले वाददेखील ओळखीचे वाटतील.

बाकी बहुतेक छोटे सर्व्हर एका-दोघांच्या खांद्यावर असतात. यंत्राचे भाडे, नावाच्या नोंदणीचे नूतनीकरण, सॉफ्टवेअर अद्ययावत करणे, रोजची बॅकअप प्रत हे झाले दिसणारे काम. परगावच्या सर्व्हरांवरून येणारी छायाचित्रे आणि चित्रफिती साठून डिस्क भरते, ती वरचेवर रिकामी करावी लागते. आणि सगळ्यांत थकवणारे काम म्हणजे तक्रारी वाचणे : कुणी शिवीगाळ केली, कुणी जातीवरून टोमणा मारला, कुणी जाहिरातींचा मारा चालवला. पैसा येतो तो देणग्यांतून, नाही तर चालकाच्या स्वतःच्या खिशातून. फड पद्धत इथे जास्त शहाणी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पाटकरी आणि जागल्या यांना त्यांच्या कामाचा मोबदला शेतकरी देत. फेडिव्हर्सचा पाटकरी बहुधा नोकरीवरून घरी आल्यावर, रात्री, फुकट पाणी फिरवतो.

चालकाची सत्ता लहान नाही. तो एखादे खाते झाकू किंवा काढू शकतो आणि अख्ख्या परक्या सर्व्हराशी व्यवहार तोडू शकतो. २०१९ मध्ये गॅब या अतिउजव्या मंचाने मॅस्टोडॉनचे सॉफ्टवेअर उचलले तेव्हा असंख्य चालकांनी त्याच्याशी संबंध तोडले. सॉफ्टवेअर घेण्यापासून त्याला कुणी अडवू शकत नव्हते. त्याच्याशी बोलायचे की नाही, एवढेच हाती होते. खासगी निरोपांबाबतही सावध राहिलेले बरे. मॅस्टोडॉनवरचे वैयक्तिक निरोप कुलूपबंद नसतात, चालकाने ठरवले तर तो ते वाचू शकतो.

खान्देशात ‘ॲडमिन’ हा शब्द घरोघरी पोचला तो व्हॉट्सॲपमुळे. रावेर-यावलकडचे केळीच्या भावाचे ग्रुप, भावकीचे, लग्नाच्या स्थळांचे, भरीत पार्टीचे ग्रुप या शब्दावरच चालतात. पण त्या ॲडमिनच्या हाती माणसे घेण्या-काढण्यासारखी मोजकी बटणे असतात. मजकूर वाहून नेणारी यंत्रणा कंपनीची, नियम कंपनीचे आणि १,०२४ सदस्यांची मर्यादाही कंपनीनेच घातलेली. फेडिव्हर्सच्या ॲडमिनकडे यंत्राची किल्ली असते, त्यामुळे जबाबदारीही मोठी येते. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून ग्रुप चालवणाऱ्याला दोषी धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले. सर्व्हर चालवणारा मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या भाषेत ‘मध्यस्थ’ (इतरांचा मजकूर साठवणारा वा पोचवणारा) ठरू शकतो, आणि २०२१ च्या नियमांनुसार मध्यस्थाला तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे लागते. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मोठ्या माध्यमांना याहून कडक नियम आहेत.

अहिराणीच्या दृष्टीने ही रचना उपयोगाची आहे. २०११ च्या जनगणनेत ‘खान्देशी’ या नोंदीखाली १८ लाखांहून अधिक भाषक आहेत आणि आंतरराष्ट्रीय भाषासूचीत अहिराणीला स्वतंत्र संकेतही आहे. बटणांवरचे शब्द अहिराणीत आणायचे तर मोठ्या कंपनीपुढे अर्ज-विनंत्या कराव्या लागतात. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये भाषांतर करून ते आपल्या सर्व्हरवर चढवता येते. अर्थात भाषांतर करणारी माणसे आधी हवीत.

मर्यादा : विकेंद्रीकरण कागदावर असते तितके व्यवहारात नसते. नव्या लोकांना सर्व्हर निवडणे अवघड जाते म्हणून ते रोख्को यांनी सुरू केलेल्या ‘मॅस्टोडॉन डॉट सोशल’वर जातात, आणि २०२३ पासून अधिकृत ॲपही त्यालाच पहिली पसंती देते. मेटा कंपनीच्या थ्रेड्स या समाजमाध्यमाने ॲक्टिव्हिटीपब स्वीकारायला सुरुवात केल्यावर, एवढ्या मोठ्या शेजाऱ्याला दार उघडावे की नाही यावर चालकांत फूट पडली. शिवाय सर्व्हरचे नाव ज्या नोंदणीवर टिकते ती केंद्रितच राहते. अफगाणिस्तानच्या ‘एएफ’ या अक्षरांवर संपणारे नाव घेतलेला ‘क्विअर डॉट एएफ’ हा सर्व्हर फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान सरकारने नाव गोठवल्याने बंद पडला.

सर्व्हर बंद होणे हा या जगातला नेहमीचा प्रसंग. म्हणूनच मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचे तर चालकाला काही अटी मान्य कराव्या लागतात : रोज बॅकअप घेणे, अडीअडचणीला सर्व्हर उघडू शकेल असा आणखी एक माणूस ठेवणे, आणि बंद करण्याआधी किमान तीन महिने सूचना देणे. त्या तीन महिन्यांत खातेदार दुसऱ्या सर्व्हरवर जाऊ शकतो. त्याचे वाचक आपोआप नव्या पत्त्यावर येतात. जुने लेखन मात्र येत नाही. त्याची फाईल उतरवून घेता येते, नाही तर यंत्र बंद होईपर्यंत ते जुन्या पत्त्यावर पडून असते.