पिल्ले, कोंबडीची : नवजात अवस्थेतील विकार व शुश्रूषा (नाशिक परिसर)

अंड्यातून बाहेर आल्यापासून साधारण पहिल्या दोन आठवड्यांत कोंबडीच्या पिल्लांना होणारे विकार व त्यांवरचे उपचार यांचा विचार या नोंदीत केला आहे. नाशिक जिल्ह्यात निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांत ब्रॉयलरच्या शेड आहेत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या आदिवासी पट्ट्यात मात्र खुडूक कोंबडीखाली अंडी उबवण्याची परसातली रीत चालू आहे. दोन्हीकडे पहिल्या आठवड्यातल्या मरतुकीचे खापर सहसा ‘रोगा’वर फुटते. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा थंडी, तहान आणि बेंबी या तीन गोष्टींचा असतो.

नवजात पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. ती क्षमता यायला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली (पिल्लांना ऊब देणाऱ्या बल्ब वा शेगडीच्या साधनाखाली) सुमारे ३५° से. ऊब लागते व पुढे दर आठवड्याला ती साधारण ३ अंशांनी उतरवतात. हिवाळ्यात निफाडचा पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. अशा रात्री वीज गेली की पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि सकाळी ढिगाच्या तळाची पिल्ले चिरडून मेलेली सापडतात. ऊब पुरेशी आहे की नाही हे थर्मामीटरआधी पिल्लेच सांगतात. बल्बखाली घट्ट गोळा झाली तर थंडी. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर उकाडा. सगळीकडे विखरून दाणे टिपत असली तर ठीक. वीज नसताना कोळशाची शेगडी ठेवतात. तेव्हा वरची झडप उघडी हवी, कारण बंद शेडमधला कोळशाचा वायू थंडीपेक्षा लवकर जीव घेतो.

अंड्यातला उरलेला पिवळा बलक पिल्लू बाहेर येण्यापूर्वी पोटात ओढून घेते. त्याच्या आधारावर ते दोन-तीन दिवस तग धरू शकते. दूरवरून पेटीतून आलेली पिल्ले जगतात ती यामुळेच. पण बलक आहे म्हणून पाणी लांबवू नये. आल्या आल्या कोमट गूळपाणी द्यावे आणि सुस्त पिल्लाची चोच हाताने त्यात बुडवावी. भांडे उथळ असावे व त्यात खडे टाकावेत, नाहीतर अशक्त पिल्लू त्यातच बुडते.

बलक आत गेल्यावर बेंबी नीट मिटली नाही, अंडी घाण होती, किंवा उबवणी यंत्रातली ऊब वा ओलावा चुकला, तर जंतू आत शिरतात व बेंबीची सूज होते. यात जंतूंचा दोष किती आणि उबवणीचा किती, याविषयी मतभेद आहेत. आजारी पिल्लांच्या पोटात बहुधा ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू आढळतो, तरी एकाच लॉटमधली बरीच पिल्ले एकदम आजारी पडत असतील, तर दोष उबवणीत शोधणे अधिक योग्य. पिल्लू तळहातावर उताणे धरून पाहावे. निरोगी बेंबी कोरडी, बंद आणि जवळपास दिसेनाशी असते. आजारी पिल्लाचे पोट पाण्याच्या फुग्यासारखे मऊ व फुगलेले लागते, बेंबीभोवतीची कातडी निळसर-लाल व ओली असते आणि तिला कुबट वास येतो. बेंबीला पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावून पिल्लू वेगळे, उबेत ठेवतात. घरोघरी हळद लावतात. तिने अपाय होत नाही, पण पोटात पसरलेल्या सूजेला ती पुरत नाही. पोट फुगलेली पिल्ले फार थोडी वाचतात.

याच ठिकाणी एक चूक वारंवार होते आणि ती जिवावर बेतते. शेपटीखाली विष्ठा वाळून गुदद्वार बंद झाले तर पिल्लू दगावते, म्हणून ती काढावी लागते. पण गुदद्वार शेपटीलगत असते आणि बेंबी त्याच्या खाली, पोटाच्या बाजूला. बेंबीवरची काळी खपली विष्ठा समजून ओढली तर आतडे बाहेर येऊ शकते. विष्ठा कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून, मऊ झाली की पुसून घ्यावी. कोरडी कधीच ओढू नये. नंतर पिल्लू पूर्ण वाळवूनच परत सोडावे.

गुळगुळीत वर्तमानपत्रावर ठेवलेल्या पिल्लांचे पाय फाकतात. भाताचा तूस किंवा खरबरीत कापड अंथरले तर हे टळते. फाकलेले पाय सैल चिकटपट्टीने, चालता येईल इतके अंतर ठेवून, दोन-तीन दिवस बांधले की बरेचदा सरळ होतात. उशीर झाला तर होत नाहीत.

मान वाकडी होणे या लक्षणाचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्याला मराठीत ‘मानमोडी’ हे नाव आहे आणि ते नाव ऐकताच पिल्लू टाकून दिले जाते. मानमोडी म्हणजे राणीखेत हा कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही मराठीत हाच शब्द होता. तो शब्द माणसांकडून कोंबड्यांकडे आला असे समजण्यापेक्षा, लक्षणावरून पडलेले नाव दोन्हीकडे स्वतंत्रपणे रुजले असावे, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. राणीखेत रोगाच्या उगमाविषयीही वाद आहे. १९२६ मध्ये जावा बेटावर संशोधक क्रानेवेल्ड यांनी व त्याच सुमारास इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डॉइल यांनी त्याची नोंद केली. भारतात १९२७ च्या सुमारास उत्तराखंडातील राणीखेतजवळ दिसलेल्या साथीचे वर्णन एडवर्ड्स यांनी केले व त्यावरून इथले नाव पडले. पूर्वेकडून जहाजांमार्गे तो इंग्लंडला पोहोचला, हे मत दीर्घकाळ मांडले गेले. परंतु स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवर १८९६ च्या सुमारास कोंबड्या सरसकट मेल्याचे वर्णन याच रोगाचे मानले, तर ते मत टिकत नाही. विषाणू आधीपासूनच अनेक ठिकाणी असावा आणि १९२६ हे त्याच्या उगमाचे नव्हे तर ओळखीचे वर्ष असावे, असे मानणे सयुक्तिक.

पिल्लांच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, तीन दिवसांच्या पिल्लाची मान मागे वळली तर ती दर वेळी मानमोडी नसते. ‘ब१’ (थायामिन) जीवनसत्त्वाच्या अभावी पिल्लू आकाशाकडे पाहिल्यासारखी मान मागे टाकते, आणि ‘ब’ जीवनसत्त्वाचे थेंब दिल्यावर काही तासांत सावरूही शकते. ‘ब२’ कमी पडले तर पायाची बोटे आत वळतात. एकच पिल्लू आजारी असून बाकीची खातपीत असतील, तर आधी थेंब देऊन पाहावे. राणीखेत असेल तर श्वासाची घरघर, हिरवट हगवण आणि मरतूक झपाट्याने पसरते. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात लासोटा अथवा एफ या राणीखेतच्या सौम्य लसीचा थेंब टाकतात. आरटूबी ही लस तीव्र असल्याने सहा आठवड्यांखालील पिल्लांना ती देऊ नये. लस न दिलेल्या व हा रोग होऊन न गेलेल्या गावठी कोंबडीची पिल्ले राणीखेतविरुद्ध आईकडून मिळणाऱ्या प्रतिकारशक्तीशिवायच जन्मतात.

पांढरी हगवण (पुलोरम) अंड्यातूनच येते. रेटगर यांनी १९०० च्या सुमारास तिच्या जंतूचे वर्णन केले. त्यातून वाचलेली मादी पुढे रोगवाहक राहते, म्हणून तिची अंडी उबवणीला ठेवू नयेत. रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस) सहसा तिसऱ्या आठवड्यापासून दिसते. इगतपुरीकडच्या पावसात ओला झालेला तूस ती वाढवतो, आणि त्याच तुसावरच्या बुरशीने फुप्फुसांचा दाहही होतो.

पेठ-सुरगाण्याकडे अशक्त पिल्लू कापडात गुंडाळून टोपलीत, चुलीपासून हातभर अंतरावर ठेवतात. ते खाऊ-पिऊ लागले की रात्री, अंधार पडल्यावर, डालग्यातल्या कोंबडीच्या पंखाखाली सरकवतात. दिवसाउजेडी सोडले तर ती त्याला परके समजून टोचते.