गरोदरपणातल्या गुंतागुंतीचे व्हिडिओ : सातारा-सांगलीतून पाहिलेली पार्श्वभूमी

दिवस गेलेल्या बाईने अडचण आली तर कुणाला विचारायचं, याची जुनी उतरंड या पट्ट्यात सर्वांना ठाऊक आहे. आधी सासू, मग माहेरची आई, मग गावची सुईण, आणि अगदीच अडलं तर दवाखाना. मिरजेला १८९०च्या दशकात मिशनचं रुग्णालय उभं राहिलं. १९६३ पासून सांगली आकाशवाणीचा आवाज घरोघरी पोचला. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आणि गावागावांत आशाताई आल्या, २०१४ मध्ये १०८ची गाडी आली. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत पोचते. प्रश्न आहे तो दोन तपासण्यांच्या मधल्या तीन-चार आठवड्यांचा. त्या काळात डोकं ठणकलं, पाय सुजले, बाळ हलेनासं झालं, तर ती काय करते?

सप्टेंबर २०१६ पर्यंत ती शेजारणीला विचारायची. त्या महिन्यात जिओ आलं, पुढचा मार्च संपेपर्यंत डेटा फुकट मिळाला, आणि माण-खटाव, जत-आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवरही व्हिडिओ न अडकता चालू लागले. यूट्यूबची भारतीय आवृत्ती २००८ पासून होती, पण नेटपॅक टाकून दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहणं गावात कुणाला परवडत नव्हतं. गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या व्यवसायामुळे विटा-खानापूर-आटपाडीची कुटुंबं केरळ-तमिळनाडूपासून उत्तर भारतापर्यंत विखुरलेली आहेत. परक्या गावातल्या डॉक्टरची भाषा नीट न समजणाऱ्या अशा घरच्या सुनेला मराठीत बोलणारा फोन हा केवढा मोठा आधार आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय या व्हिडिओंची नुसती टिंगल करणं बरोबर नाही.

गर्भाविषयीच्या ऑनलाइन मजकुरावर पहिली कायदेशीर लढाई झाली ती लिंगनिदानावरून. महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला होता, केंद्राचा १९९४ मध्ये आला. त्यातल्या जाहिरातबंदीच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ ते २०१७ या काळात मोठ्या सर्च कंपन्यांना असा मजकूर रोखायला लावलं. त्याच सुमारास, मार्च २०१७ मध्ये, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला गर्भपातात झालेल्या एका महिलेच्या मृत्यूच्या तपासात पुरलेले १९ भ्रूण सापडले. त्यानंतर जिल्ह्यात गर्भ म्हटलं की यंत्रणेचं लक्ष सोनोग्राफी मशीन आणि लिंगनिदानाकडे वळायचं, आणि ते साहजिक होतं. मात्र ‘पोट डावीकडे दिसलं तर मुलगा’ सांगणारे व्हिडिओ राहिलेच, आणि वाढलेलं बीपी, वारेचा रक्तस्राव, मुदतीआधीच्या कळा यांवरच्या मजकुराकडे कायद्याच्या अंगाने कुणी पाहिलंच नाही. १९५४चा चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा गर्भपाताच्या औषधांची जाहिरात अडवतो. पण फुकट दिलेल्या चुकीच्या सल्ल्याला जाहिरात कसं म्हणणार?

जुलै २०१८ मध्ये तमिळनाडूत तिरुप्पूरजवळ घरी, व्हिडिओच्या आधाराने केलेल्या बाळंतपणात एका शिक्षिकेचा मृत्यू झाला. देशभर बातमी झाली आणि तेव्हापासून ‘व्हिडिओचा धोका’ म्हणजे ‘घरी बाळंतपण’ असं समीकरण पक्कं झालं. आपल्याकडे हे समीकरण फारसं लागू पडत नाही. इथला धोका बारीक आहे, आणि तो खोट्यापेक्षा अर्ध्या माहितीत आहे.

सोनोग्राफीच्या कागदावरची एक ओळ घेऊ : ‘एएफआय ९’. गर्भजलाचा हा आकडा साधारण पाच ते पंचवीसच्या मध्ये असला तर सर्वसाधारण धरतात. पण कागद हातात पडतो तेव्हा दवाखान्यात पुढचा नंबर पुकारलेला असतो, आणि घरी आल्यावर सून फोनमध्ये ‘पाणी कमी’ असं शोधते. समोर लाल बाण, रडणारी बाई आणि ‘ही चूक करू नका’ असं ठळक चित्र. आत सांगतात की नारळपाणी प्या, रोज तीन-चार लिटर पाणी घ्या, डाव्या कुशीवर झोपा. यातलं काहीच सपशेल खोटं नाही. भरपूर पाणी प्यायल्याने हा आकडा थोडा वाढू शकतो. पण पाणी खरोखर कमी झालं असेल तर त्यामागे वारेचं काम मंदावलेलं, बाळाची वाढ खुंटलेली किंवा पिशवी फुटून पाणी झिरपत असलेलं असू शकतं. तिथे आठवडाभर नारळपाण्यावर विसंबणं म्हणजे हातचा वेळ घालवणं. ज्या बाईचा आकडा नऊ आहे ती विनाकारण घाबरते, आणि जिचा तीन आहे तिला धीर मिळतो. एकच व्हिडिओ दोघींनाही उलटं सांगतो.

गळ्याला नाळ अडकल्याचंही तसंच. दर चार-पाच बाळंतपणांमागे एका बाळाच्या मानेभोवती नाळ असते आणि बहुतेक वेळा बाळंतपण सुखरूप होतं. हे न सांगता नाळेचं चित्र तेवढं दाखवलं की घरात सीझरची चर्चा सुरू होते. याउलट सुजेबद्दल ‘या दिवसांत पाय सुजतातच’ एवढंच सांगून विषय संपवतात. पायांवर थोडी सूज येते हे खरंच. पण विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्यावर, सोबत कपाळात ठणका, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं, तोंडावर आणि हातांवर सूज, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो, नाहीतर आकडी येऊ शकते. गरोदर बाईला आलेली आकडी ही बाहेरची बाधा समजून अंगारा लावण्याचे दिवस फार जुने नाहीत. त्या समजुतीची जागा आता निवांत संगीत लावलेल्या व्हिडिओने घेऊ नये.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. २५ मार्चलाच केंद्राची दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्याच सुमारास इस्लामपुरात एकाच कुटुंबाभोवतीच्या रुग्णांमुळे सांगली जिल्हा राज्यभर चर्चेत होता. नाके बंद, एसटी बंद, दर महिन्याच्या नऊ तारखेच्या तपासणीलाही जायची भीती. अशा वेळी डॉक्टरांनी स्वतः व्हिडिओ काढले आणि त्यातले बरेच उपयोगीही होते. आज या पट्ट्यात व्हिडिओ काढणारे जे स्त्रीरोगतज्ज्ञ दिसतात, त्यांचं येणं या काळातलं आहे. इथून प्रश्नाचं रूप बदललं. आधी पाहणाऱ्याला बोलणारा कोण तेच कळत नव्हतं. आता बोलणारा खरा डॉक्टर आहे, पण तो शिकवतोय की रुग्ण बोलावतोय, हे कळेनासं झालं.

या प्रश्नावर देशात एकदाच नीट बोट ठेवलं गेलं, ते ऑगस्ट २०२३ मध्ये, आणि त्याच महिन्यात ते उचललंही गेलं. हा निर्णय इथे सविस्तर सांगायला हवा, कारण एरवी त्याची चर्चा भलत्याच मुद्द्यावर झाली. २ ऑगस्टला वैद्यकीय नियामकाने डॉक्टरांच्या वर्तनाची नवी नियमावली अधिसूचित केली. तिच्यात समाजमाध्यमांवर कसं वागावं याची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं होती. माहिती खरी आणि पडताळता येणारी असावी. सर्वांसमोर कुणाच्या उपचारांची चर्चा करू नये, औषध लिहून देऊ नये. रुग्णाने तिथेच विचारलं तर त्याला दूरस्थ सल्ल्याकडे किंवा प्रत्यक्ष दवाखान्याकडे वळवावं. रुग्णांचे फोटो, स्कॅन, बरे झालेल्यांचे अनुभव, शस्त्रक्रियेचे व्हिडिओ टाकू नयेत. पैसे देऊन लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नयेत.

गरोदर बाईच्या बाजूने पाहिलं तर यातलं प्रत्येक कलम कामाचं होतं. व्हिडिओखाली ‘सर, मला सातवा चालू आहे, अंगावरून थोडं जातंय, काय करू’ असं लिहिलेलं असतं. उत्तर येतं, किंवा येत नाही. उत्तर नाही आलं तर ती दोन दिवस वाट पाहते. गोळीचं नाव आलं तर मेडिकलमधून आणते. नियम लागू राहिला असता तर तिथे एकच उत्तर बसलं असतं : ताबडतोब दवाखान्यात जा.

पण त्याच नियमावलीत औषधं जेनेरिक नावाने लिहिण्याची सक्ती होती, औषध कंपन्यांच्या खर्चाने होणाऱ्या परिषदांवर बंधन होतं. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला तो मुख्यतः यावरून. जेनेरिकच्या दर्जाबद्दलची त्यांची हरकत पोकळ नव्हती, हेही नोंदवायला हवं. २३ ऑगस्टला सगळी नियमावली स्थगित झाली. समाजमाध्यमांचं प्रकरण वेगळं काढून चालू ठेवता आलं असतं, कारण त्यावर फारसं भांडण नव्हतंच. ते झालं नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महाग पडलेली गोष्ट हीच आहे.

स्थगितीनंतर पुन्हा लागू झाली ती २००२ची नियमावली. तिच्यानुसार डॉक्टरने रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करायची नाही. नवा दवाखाना, बदललेला पत्ता, रजेवरून परत येणं, अशा ठरावीक निवेदनांना मुभा आहे. सार्वजनिक आरोग्यावर स्वतःच्या नावाने लिहिता येतं आणि रेडिओ, टीव्ही, ‘इंटरनेट चॅट’वर बोलता येतं. यूट्यूब जन्माला यायच्या तीन वर्षं आधीचा हा शब्दप्रयोग. ‘आमच्याकडे आठव्या महिन्यातली जुळी वाचली’ असं सांगणारा कराड किंवा मिरजेतला व्हिडिओ लोकशिक्षण की जाहिरात, हे त्या कलमांवरून ठरवायला बसलं तर दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो. शिवाय ही नियमावली असो की ती, दोन्ही आधुनिक वैद्यकाच्या नोंदणीकृत डॉक्टरांपुरत्या. गर्भसंस्कार शिकवणारे, आहारतज्ज्ञ म्हणवणारे आणि घरगुती उपाय सांगणाऱ्या मावश्या तिच्या कक्षेत येतच नाहीत.

त्याच ऑगस्टमध्ये आणखी दोन गोष्टी झाल्या. १० तारखेला ग्राहक व्यवहार विभागाने आरोग्यावर बोलणाऱ्या प्रभावकांनी आपली पात्रता उघड करावी, आणि पात्रता नसलेल्यांनी हा डॉक्टरी सल्ला नव्हे असं स्पष्ट सांगावं, अशी सूचना काढली. १५ तारखेला यूट्यूबने वैद्यकीय चुकीच्या माहितीची आपली धोरणं प्रतिबंध, उपचार आणि नाकारणं अशा तीन गटांत बांधली. आरोग्य यंत्रणांच्या सांगण्याला थेट छेद देणारा मजकूर काढायचा, असा त्याचा रोख. नारळपाण्याचा व्हिडिओ त्या चाळणीत अडकणार नाही, कारण तो कशालाच छेद देत नाही, तो फक्त पुढचं वाक्य सांगत नाही.

संशोधकांनी असे व्हिडिओ मोजायला घेतले तेव्हाही हीच अडचण आली. या कामात जास्त वापरली जाणारी ‘डिसर्न’ ही सोळा प्रश्नांची मोजपट्टी १९९९ची, उपचारांवरच्या लेखी मजकुरासाठी केलेली. लेखक कोण, आधार काय, तारीख काय, हितसंबंध कोणते, हे सोबत वापरले जाणारे चार निकष १९९७चे. जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतं की जास्त पाहिलेला व्हिडिओ जास्त चांगला असतोच असं नाही. पण या मोजपट्ट्या आधार दिलाय का ते तपासतात. कोणत्या लक्षणावर किती तासांत घर सोडायचं, हे सांगितलंय का, असा प्रश्न त्यात नाही. पाटण किंवा जावळीच्या डोंगरातून खाली यायला लागणारा वेळ धरला तर पहिला प्रश्न तोच असायला हवा होता. कोयनेच्या पाण्यापलीकडच्या गावांना तर आधी लाँच गाठावी लागते.

मार्च २०२४ पासून यूट्यूबवर यंत्राने बनवलेल्या खऱ्यासारख्या चित्र-आवाजाची नोंद व्हिडिओवर द्यावी लागते. आरोग्याच्या विषयात ती जास्त ठळक दाखवायची असं ठरलं. मराठीत बायकी, समजूतदार आवाजात बोलणारे पण कुणाचाच चेहरा नसलेले व्हिडिओ त्यानंतर वाढतच गेले. आशाताईंच्या व्हॉट्सअॅप गटात ते फिरतात तेव्हा ती नोंद सोबत येत नाही, कारण तिथे येतो तो उतरवून घेतलेला तुकडा.

धोक्याच्या लक्षणांची यादी माता व बाल संरक्षण कार्डावर चित्रांसकट छापलेली असते : रक्तस्राव, झटके, डोकेदुखी आणि अंधारी, ताप, धाप, बाळाची हालचाल कमी होणं, मुदतीआधी पाणी जाणं. हे कार्ड तपासणीच्या दिवशी पिशवीतून निघतं आणि परत पिशवीत जातं. काही आशाताई आता तेच पान समोर धरून स्वतःच्या आवाजात दोन मिनिटांचा व्हिडिओ करतात, शेवटी आपल्या उपकेंद्राचं नाव आणि १०८ सांगतात, आणि आपल्याच गटात टाकतात. त्यांना तसं करायला कुणी सांगितलेलं नाही. त्याचा मोबदला नाही, आणि कुठल्या मार्गदर्शक सूचनेत त्याची सोयही नाही.